इंजिनाला झेपेल एवढा चढ

लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरतं. म्हणून रेल्वेला चढ सोसत नाही. आपल्या भोर घाटात 37 फुटांना एक फूट चढ आहे, तर तिथे गाडीला मागून जादा इंजिनं लावावी लागतात. इंजिनाची ही अडचण सायकलवाल्याच्या किती कामी येते, ते मला अमेरिकेत कळलं. कंबरलँडहून पिट्सबर्गला जाणाऱ्या ग्रेट अ‍ॅलेगेनी पॅसेज या सायकलवाटेवर.

वेस्टर्न मेरीलँड रेल्वेने 1912 साली इथले अ‍ॅलेगेनी डोंगर ओलांडले. त्या मार्गावर आता चुनखडीची बारीक खडी दाबून बसवलेली वाट आहे, मोटारींना मज्जाव. कंबरलँडपासून माथ्यापर्यंत सुमारे 38 किलोमीटर नुसता चढ, पण शंभर मीटरला पावणेदोन मीटरच्या आतबाहेरच. मागे तंबू, अंथरूण, भांडी, पाणी असं सगळं बिऱ्हाड लादलेलं असूनही उतरून सायकल ढकलावी लागत नाही. मांड्यांना चढ कळतो, धाप मात्र लागत नाही. आखणी करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे कोळशाच्या वाघिणी होत्या. माझ्यापुढे एक आजी आणि तिची लहानगी नात बोलत बोलत चढत होत्या. हे पाहून मला फार बरं वाटलं.

माथ्याच्या अलीकडे बिग सॅव्हेज बोगदा, जवळजवळ एक किलोमीटरचा. झिरपणारं पाणी गोठून आतलं अस्तर फुटू नये म्हणून हिवाळ्यात त्याची दारं लावून घेतात. पुढे 729 मीटरवर पाणलोटाची रेघ: मागचा पाऊस पोटोमॅकमधून अटलांटिकला, पुढचा मिसिसिपीतून मेक्सिकोच्या आखाताला.

मग उतार. मायर्सडेलच्या पुढे सॅलिसबरीचा पोलादी पूल लागतो, 581 मीटर लांब. खाली कॅसलमन नदी, हमरस्ता आणि अजून चालू असलेले रूळ. ते जुन्या प्रतिस्पर्धी कंपनीचे. दोन्ही रेल्वे एकाच मालकीखाली आल्या, एका खोऱ्यात दोन मार्ग नकोसे झाले आणि 1975 मध्ये हा बंद पडला.

रॉकवुडला नदीकाठी तंबू ठोकला. भात-आमटी झाली. पलीकडून मालगाड्या जात राहिल्या, लांबच लांब, आणि प्रत्येक गाडीबरोबर मला आमच्या बाजूच्या गेलेल्या रुळांची आठवण येई. रूळ उखडले की जमिनीचे तुकडे विकले जातात, पूल भंगारात निघतात, बोगदे ढासळतात. इथे गावोगावच्या माणसांनी तसं होऊ दिलं नाही. पहिला तुकडा ओहायोपाइलजवळ 1986 मध्ये खुला झाला. पिट्सबर्गपर्यंतची सलग वाट 2013 मध्ये पुरी झाली. रेल्वे कंपनीकडे भांडवल होतं, नफ्याची आशा होती. या माणसांकडे वर्गण्या होत्या आणि सुट्टीचे दिवस. दोन्ही कामांतलं मला हेच मोठं वाटतं. दुसऱ्या दिवशी मी ओहायोपाइलकडे निघणार होतो, त्यांच्या त्या पहिल्या तुकड्यावरून.