दोन राखाडी

लहानपणी आमच्या कामठीच्या घरात राखाडी रंग कुणी विकत आणला नव्हता, तो आपोआप यायचा. दिवाळीला चुन्यात नीळ कालवून भिंती पांढऱ्या व्हायच्या. गावाच्या आसपास कोळशाच्या खाणी, त्यामुळे घरात दगडी कोळशाची शेगडी. होळी येईस्तोवर सयपाकघराची भिंत धुरकट झालेली असे. पुढे कोराडीचं वीज केंद्र आलं आणि वाऱ्याबरोबर राखेची भुकटीही खिडकीच्या चौकटीवर बसू लागली. आजी ती रोज पुसायची. तिच्या दृष्टीने राखाडी म्हणजे मळ.

गावाजवळच्या लष्करी छावणीत मात्र वेगळं होतं. १८२१ सालच्या त्या वसाहतीत झाडांच्या खोडांना आणि दगडांना चुना-गेरूचे पट्टे असत. रंग म्हणजे शिस्त, असं मला तिथे वाटायचं.

आता बैठक नव्याने रंगवायची म्हणून सुनेने दोन राखाडी छटा समोर ठेवल्या. शेडकार्डावर दोन्ही जवळजवळ सारख्या. पेंटरने पुट्टी-प्रायमर झालेल्या भिंतीवर शेजारी शेजारी पट्टे मारले तेव्हा फरक उघडा पडला. एकात निळ्याची झाक होती, दुसऱ्यात पिवळ्या मातीची. पांढऱ्यात नुसता काळा मिसळला की राखाडी निळसर, थंड दिसतो. त्यात थोडा पिवळा किंवा तांबडा पडला की ऊब येते. पांढरा कागद शेजारी धरला, तर ही झाक लगेच कळते.

मला आधी निळसरच आवडला होता. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, भिंत तरी थंड दिसावी! पण उन्हाळ्यात आम्ही दुपारभर खिडक्या लावून, कूलर सुरू करून बसतो. त्या अंधुक उजेडात निळसर छटा शिशासारखी जड झाली. रात्री पांढऱ्या ट्यूबलाइटखाली तर माणसांचे चेहरेही फिके दिसले. पिवळसर राखाडी दोन्ही वेळा तग धरून राहिला, आणि त्याच्यावर धूळही कमी उठून दिसते. आजीला हे पटलं नसतं, तरी मला पटलं.

बैठकीला तोच लावला. निळसर वाईट नाही. मोठी खिडकी आणि पिवळे दिवे असतील, तर शोभेलही. पण तुमच्या घरचा निवाडा दुकानात करू नका. दोन्ही छटांचे डबीभर नमुने आणा, भिंतीवर दोन-दोन हात द्या आणि सकाळी, भर दुपारी, रात्री दिवा लावून पाहा.