दोन बोटींचा साधारणधर्म

एम.ए.च्या वर्गाला तौलनिक साहित्याभ्यास शिकवताना पहिल्याच तासाला मी उपमेची चार अंगे फळ्यावर लिहिते : उपमेय, उपमान, साधारणधर्म आणि साम्यवाचक शब्द. पहिली दोन मुलांना चटकन सापडतात. चौथेही सापडते, कारण 'जणू', 'सारखा' असे ते उघडच बोलत असते. अडते ते तिसऱ्यापाशी. कशाच्या बाबतीत सारखे, असे विचारले की वर्ग गप्प होतो. हा प्रश्न न विचारता केलेली तुलना म्हणजे दोन वस्तू नुसत्या शेजारी मांडून ठेवणे, हे वाक्य मी दरवर्षी त्याच ठसक्यात उच्चारते. गेल्या पावसाळ्यात ते माझ्यावरच उलटले. आणि तेही कवितेच्या नव्हे, बोटींच्या बाबतीत.

माझा थोरला भाऊ गेली बावीस वर्षे न्यू जर्सीत आहे. आई पुढच्या एप्रिलमध्ये त्याच्याकडे जाणार. मे महिन्याच्या सुट्टीत मीही तिथे जायचे आणि सर्वांनी मिळून मायामीहून निघणाऱ्या क्रूझवर आठवडाभर कॅरिबियन समुद्रात हिंडायचे, असा त्याचा बेत. पैसे तो देणार. निवड मात्र मी करावी. "तू तुलनाच शिकवतेस ना? मग कर," असे म्हणून त्याने दोन जहाजांची नावे पाठवली आणि तो मोकळा झाला. वडील गेल्यापासून आमच्या घरात हीच वाटणी चालत आली आहे : खर्च त्याचा, खटपट माझी. तक्रार नाही, नोंद केली इतकेच.

पहिले जहाज 'आयकॉन ऑफ द सीज'. रॉयल कॅरिबियन कंपनीचे, फिनलंडमधल्या तुर्कूच्या गोदीत बांधलेले, जानेवारी २०२४ मध्ये मायामीहून पहिल्या सफरीला निघालेले. दुसरे 'एमएससी वर्ल्ड अमेरिका'. फ्रान्सच्या सेंत-नाझेरच्या गोदीत बांधलेले, एप्रिल २०२५ मध्ये मायामीलाच नामकरण झालेले. मी रीतसर वही काढली, मधोमध रेघ मारली आणि दोन्ही बाजूंनी आकडे भरू लागले. आयकॉनची लांबी ३६५ मीटर, मजले २०, जास्तीत जास्त प्रवासी ७,६००, शिवाय कर्मचारी २,३५०. वर्ल्ड अमेरिका ३३३ मीटर, मजले २२, प्रवासी ६,७६२. आयकॉन २,४८,६६३ टन, वर्ल्ड अमेरिका २,१६,००० टनांच्या थोडी वर.

या टनांनी मला दोन संध्याकाळी गुंतवून ठेवले. मी ते वजन समजत होते. टायटॅनिक सुमारे ४६,००० टनांची होती, म्हणजे आयकॉन तिच्या पाचपट 'जड', अशी सहकाऱ्यांपुढे माहितीही देऊन बसले. पुढे कळले की जहाजाचा हा टन वजनाचा नव्हेच. तो पोटातल्या जागेचा आहे, घनफळाचा. मुळात टन म्हणजे दारूचे पिंप. जहाजात किती पिंपे मावतील त्यावरून त्याची मोठाई ठरवत. पिंपे गेली, मापनाचे सूत्रही बदलले, शब्द तेवढा राहिला. अर्थविस्तार-अर्थसंकोचाची तीच ती उदाहरणे वर्षानुवर्षे देणाऱ्या आम्हा भाषेच्या शिक्षकांना हे नवे उदाहरण फुकट मिळाले. तर मग जागा भागिले माणसे, असा हिशोब करून पाहिला. जहाज पुरते भरले तर माणशी किती जागा येते? आयकॉनवर ३२ आणि काही अपूर्णांक. वर्ल्ड अमेरिकेवर ३२ आणि काही अपूर्णांक. दोन संध्याकाळींची ही मिळकत.

बाकीच्या रकान्यांचेही तेच झाले. दोन्ही जहाजे द्रवरूप नैसर्गिक वायूवर चालतात. दोन्ही कंपन्या त्याला स्वच्छ इंधन म्हणतात, आणि दोन्हीकडे इंजिनातून न जळता निसटणाऱ्या मिथेनविषयी फारसे कोणी बोलत नाही. दोघींची बहामामध्ये स्वतःची बेटे आहेत. एकीवर पाण्याच्या उंच घसरगुंड्या. दुसरीवर अकरा मजले उतरणारी कोरडी घसरगुंडी, वर समुद्रावर झुलणारा झोपाळा. यातले काहीही अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईच्या उपयोगाचे नाही, माझ्याही नाही.

खरा फरक म्हणावा असा एकच सापडला, आणि तो सापडल्यावर मला फार आनंद झाला. आयकॉनला तेरावा मजला नाही. बारावरून एकदम चौदा. वर्ल्ड अमेरिकेला तेरावा आहे, पण सतरावा नाही, कारण त्या कंपनीची मुळे इटलीत, आणि इटालियन माणसाला सतरा हा आकडा अशुभ. अब्जावधींचे पोलाद पाण्यावर तरंगवणारी माणसे शेवटी एकेका आकड्याला भितात. दोन्ही संस्कृतींचा तौलनिक अभ्यास यावर उत्तम होईल. बुकिंग होणार नाही.

जाहिरातींची भाषा वाचताना तर मला अनन्वय अलंकाराची आठवण होत राहिली. जिथे उपमेयाला त्याच्याखेरीज दुसरे उपमानच सापडत नाही, तो अनन्वय. यापूर्वी असे काही झाले नाही, यासारखे हेच, असा दोन्हीकडचा सूर. शिवाय नावे पाहावीत. आयकॉनवर आठ 'वस्त्या' आहेत : 'सेंट्रल पार्क', 'थ्रिल आयलंड', 'सर्फसाइड', 'रॉयल प्रोमेनाड'. वर्ल्ड अमेरिकेवर सात 'डिस्ट्रिक्ट'. बाग, बेट, किनारा, हमरस्ता, पेठ. समुद्रावर जायचे आणि जे जे जमिनीवर मागे ठेवले त्याचीच नावे पुन्हा भेटायची. आयकॉनच्या मध्यभागी खऱ्या झाडांची बाग आहे आणि त्या बागेकडे तोंड करून सज्जे असलेल्या खोल्या आहेत. वर्ल्ड अमेरिकेवर आतल्या हमरस्त्याकडे तोंड केलेले सज्जे आहेत. समुद्राकडच्या सज्जापेक्षा हे सहसा स्वस्त पडतात.

दादाच्या पैशांची काळजी वाहत मी अशाच एका बागेकडच्या खोलीवर बोट ठेवले आणि लॅपटॉप आईपुढे सरकवला. तिने चष्मा लावून चित्र बराच वेळ पाहिले. "झाडं चांगली आहेत," ती म्हणाली. मग, "आणि दर्या?"

दर्या दुसऱ्या बाजूला, असे मी सांगितले. त्यावर तिने विचारले, "रात्री बाहेर बसता येतं का?"

माझ्या वहीत हा रकाना नव्हता.

आई मालवणकडची. तिचे लग्न १९६७ च्या मे महिन्यात झाले आणि ती बोटीने मुंबईला आली, एवढे आम्हांला ठाऊक होते. कोकणातल्या त्या पिढीतल्या बहुतेकांची तीच कथा. त्या संध्याकाळी तिने उरलेले सांगितले. ती जन्मली १९४७ साली, त्याच साली १७ जुलैला रेवसला निघालेली रामदास बोट मुंबईबाहेर बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. घरच्या बोलण्यात तिचे जन्मवर्ष म्हणजे 'रामदासचं साल'. त्यामुळे तिच्या आजीने बोटीने जाण्याला अखेरपर्यंत संमती दिली नव्हती. पण वऱ्हाड निघाले. बोट धक्क्याला लागत नसे, दूर उभी राही. किनाऱ्यावरून पडावात बसायचे, पडाव लाटेवर वर आला की खलाशी दंडाला धरून बोटीत ओढून घेत. खालच्या डेकवर तेलाचा वास, आंब्याच्या करंड्या, फणस, कोणाच्या कोंबड्या, रडणारी पोरे. देवगड मागे पडायच्या आत तिला बोट लागली.

मराठीत गाडी लागते, बोट लागते. जणू ती आपणहून येऊन आपल्याला चिकटते. आईला ती चांगलीच लागली. सासरची माणसे खाली पथारी पसरून झोपली होती, आणि ज्याच्याशी लग्न होऊन जेमतेम तीन दिवस झाले होते, ज्याच्याशी ती एक शब्दही बोलली नव्हती, तो माणूस तिला जिना चढून वर घेऊन आला. उघड्यावर, कठड्याशी. कुठून तरी त्याने एक लिंबू आणले आणि न बोलता तिच्या हातात ठेवले : हुंगत राहा. पहाटेपर्यंत दोघे तिथे बसली होती. काय बोललात, असे मी विचारले. "काही नाही," आई म्हणाली. "त्यांना बोलता कुठे येत होतं?"

माझे वडील गेले त्याला सहा वर्षे झाली. ते अबोल होते. त्यांच्या अबोलपणाबद्दल आम्ही दोघा भावंडांनी, विशेषतः मी, त्यांच्या हयातीत बरेच काही म्हटले आहे. ते लिंबू मला माहीत नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन लावला. बी.ए. मराठीला होता, मालवणजवळच्याच गावचा, वर्गात उत्तम कविता वाचणारा. गेली सात वर्षे तो मोठ्या क्रूझ जहाजांवर केबिन स्टुअर्ड आहे. या दोन जहाजांवर नव्हे, पण त्यांच्याच तोलाच्या. गोव्यातून, सिंधुदुर्गातून, रत्नागिरीतून अशी किती तरी मुले आज या बोटींवर आहेत. आपल्याकडच्या क्रूझच्या प्रवासवर्णनांत ती क्वचितच दिसतात, आणि दिसली तरी टॉवेलाचा हत्ती करून ठेवणारा हसतमुख मुलगा एवढीच. सुदैवाने तो रजेवर घरी होता.

"मॅडम, तुम्ही जहाज निवडू नका," तो म्हणाला, "खोली निवडा." बोट कमी हलते ती मध्यावर आणि खालच्या मजल्यांवर. पुढच्या टोकाला किंवा वर उंचावर गेलात की हेलकावा वाढतो. एवढ्या मोठ्या बोटीला पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंख असतात, ते डोलणे पुष्कळ आवरतात. तरी वारा सुटला की ज्याला लागायची त्याला लागतेच. तेव्हा मधली, जमेल तितकी खालची, आणि समुद्राकडच्या सज्जाची खोली. त्याहून खाली काय असते, असे मी सहज विचारले.

"खाली आम्ही असतो."

मग त्याने जे सांगितले ते माझ्यासमोरच्या नकाशात नव्हते. प्रवाशांना मिळणारा मजल्यांचा नकाशा जिथे सुरू होतो त्याच्या खालीही मजले असतात. तिथे एक लांबच लांब बोळ जहाजाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो. जहाजाचे नाव काही असो, कर्मचारी त्याला 'आय नाइन्टीफाइव्ह' म्हणतात, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या महामार्गावरून. धुलाई, कोठी, कचरा, ट्रॉल्या, पन्नास देशांची माणसे, सारे त्या बोळातून. एका खोलीत दोघे, खिडकी नाही. चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती मिळालीच पाहिजे असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. म्हणजे कामाचे तास किती असू शकतात ते वजाबाकीने काढावे. "कधी कधी तीन-तीन दिवस समुद्र बघत नाही, मॅडम. दुसऱ्यांच्या बाल्कनीची काच पुसताना दिसतो तेवढा." हे तो तक्रारीच्या सुरात म्हणत नव्हता. घर बांधले आहे, बहिणीचे शिक्षण झाले आहे. कविता वाचतोस का, असे विचारायचे माझ्या ओठांवर आले होते, विचारले नाही.

आईने फोन मागून घेतला. गाव कुठले, घर कोणाचे, हे झाल्यावर तिने मला वगळून थेट मालवणीतच विचारले, "रातचा भायर बसाक गावता काय रे?"

"गावता तर. दोन वाजता वर या आजी, कोण नसता. झाडू मारणारे नि झोप नसलेली म्हातारी माणसां."

"मग बरा."

त्या रात्री मी दादाला लिहिले. दोन्ही जहाजांत मला निवड करता आली नाही. ज्यावर मधल्या भागात, खालच्या बाजूला, समुद्राकडच्या सज्जाची खोली आपल्या तारखांना मिळेल ते घे. बागेकडची नको, जास्त पडणारे पैसे मी देते. त्याने उत्तरात फक्त विचारले, "का?" मी लिंबाची गोष्ट लिहून पाठवली. चार दिवस त्याचे काहीच आले नाही. आमच्या घरातले पुरुष असेच आहेत. पाचव्या दिवशी आरक्षणाचा कागद आला : वर्ल्ड अमेरिका. जहाजाचा मागचा भाग इंग्रजी 'वाय'सारखा दुभंगलेला आहे आणि तो हमरस्ता तिथे उघड्यावर समुद्राकडे जातो, हे त्याने त्या चार दिवसांत स्वतः शोधून काढले होते. जास्तीच्या पैशांविषयी एक अक्षर नव्हते.

आईची तयारी आतापासून चालू आहे. विमानातून लिंबू नेऊ देत नाहीत, अमेरिकेत उतरल्यावर काढून घेतात, असे मी तिला सांगितले. तिला ते पटलेले नाही. तिने परस्पर त्या मुलाला फोन करून खात्री करून घेतली. बोटीवर लिंबे ढिगाने असतात, पण पातळ चकत्या करून ग्लासाच्या कडेला लावलेली, असे त्याने तिला सांगितले आहे. अख्खे हवे असेल तर तसे मागून घ्यावे लागेल.