भागिले बारा

चिखलीतल्या आमच्या घरात कालनिर्णय स्वयंपाकघराच्या दाराआड टांगलेलं असतं. दुधाचे खाडे, सिलिंडर कधी लावला, संकष्टी कधी, सगळं त्याच्या चौकोनांत. २०२२ च्या ऑगस्टमधल्या एका रात्री बायकोने ते खिळ्यावरून उतरवलं, फरशीवर पसरलं आणि जानेवारीपासून एकेक पान उलटायला सुरुवात केली. लेक नुकतीच झोपली होती, म्हणून बोलणं हळू. तिच्या डाव्या हाताला बँकेतून छापून आणलेलं पासबुक, उजव्या हाताला माझा मोबाइल, आणि त्यात यूपीआयची वर्षभराची यादी.

नोकरी सोडून तिला बारा दिवस झाले होते.

ती डीएमएलटी झालेली. एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये महिना १६,००० रुपयांवर काम करायची. त्यातून पाळणाघराचे ५,५०० जायचे, पेट्रोलचे १,८००, आणि लेक आजारी पडली की बिनपगारी रजा कापली जायची. राहायचे सात-साडेसात हजार. ‘एवढ्यासाठी कशाला पोरीची आबाळ,’ असं नातेवाईक सहज बोलून जायचे. पण आमची महिनाअखेर त्याच सात हजारांवर निघायची. हिशेबाने पाहिलं तर तिने नोकरी सोडायला नको होती. तिने ती सोडली लेकीच्या खोकल्यामुळे. एका पावसाळ्यात पोरीची छाती तीनदा भरली, आणि तिसऱ्या वेळी डॉक्टर म्हणाले, काही महिने हिला पोरांच्या गर्दीत ठेवू नका.

आता राहिला माझा पगार. चाकण एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग तयार करणाऱ्या कारखान्यात मी तपासनीस आहे. तेव्हा कापून हातात ३८,४०० यायचे. त्याच वर्षीच्या जानेवारीत वन-बीएचकेसाठी वीस लाखांचं कर्ज घेतलं होतं, वीस वर्षांचं, बदलत्या दराचं. सुरुवातीचा दर ७ टक्के, हप्ता १५,५०६.

तिने आधी महिन्याचा खर्च मांडला. किराणा साडेचार हजार, भाजीपाला दोन हजार, दूध १,६५०, माझं पेट्रोल दोन हजार, सोसायटीचा मेंटेनन्स बाराशे, वीज, मोबाइल, गावी आईला दोन हजार. सिलिंडर तेव्हा हजाराच्या वर गेला होता. बेरीज आली १५,७५०. हप्ता आणि हे मिळून एकतीस हजारांच्या आसपास. म्हणजे दर महिन्याला सात हजार उरायला हवे होते. माझा तर समज होता की आम्ही किराण्यात आणि बाहेरच्या खाण्यात बुडतोय. ती म्हणाली, “अहो, तसं असतं तर दर महिन्याला बुडालो असतो. आपण जूनमध्ये बुडतो, गणपतीला बुडतो आणि दिवाळीत बुडतो.”

मग तिने लाल पेन घेतलं. जूनच्या पानावर घरपट्टी ३,६००, कारण ३० जूनच्या आत भरली की सवलत मिळते. माझ्या मुदत विम्याचा वर्षाचा हप्ता ८,४००. मोटरसायकलचा विमा आणि सर्व्हिसिंग मिळून ४,२००. गणपतीला गावी जाणं-येणं, वर्गणी, भावंडांच्या पोरांसाठी काहीबाही, ९,०००. दिवाळीचे कपडे आणि फराळ, १०,०००. लग्न-बारशांचे आहेर ६,०००. औषधपाणी ६,०००. आणि एप्रिल-मे मधली बेगमी, म्हणजे तांदूळ, डाळी, वर्षाचा मसाला, पापड-कुरडया, १२,०००. एकूण ५९,२००. त्याला तिने बाराने भागलं. उत्तर आलं ४,९३३.

त्या आकड्याकडे आम्ही दोघंही बराच वेळ बघत होतो. ते सात हजार उरत नव्हतेच. त्यातले पाच हजार आधीच कुणाचे तरी होते, फक्त त्यांच्या मागणीची तारीख पुढच्या पानावर होती. मार्चमध्ये हातात पैसे दिसले म्हणून आम्ही मिक्सर बदलला, आणि जूनमध्ये घरपट्टीसाठी मेहुण्याकडे हात पसरला. माझ्या बरोबरीची कितीतरी जोडपी आजही असंच करतात. चहाच्या कपाला आणि भाजीच्या जुडीला कात्री लावत बसतात, आणि वर्षातून एकदाच येणारा, तारखेसकट ठाऊक असलेला खर्च दर वेळी ‘अचानक’ आला म्हणतात.

त्याच रात्री माझंही एक उघडं पडलं. यूपीआयच्या यादीत दर महिन्याच्या १८ तारखेच्या सुमाराला पंधराशे-साडेपंधराशे जात होते. तिने विचारलं, “हे कुणाला?” फ्रिज आणि लेकीच्या आजारपणातली काही बिलं मी क्रेडिट कार्डावर भरली होती. थकले होते ३१,०००, आणि चार महिने मी फक्त ‘किमान रक्कम’ भरत होतो. पाच टक्के म्हणजे १,५५०. मला वाटायचं, फिटतंय हळूहळू. तिने कार्डाचं बिल मागितलं आणि तळाची बारीक अक्षरं वाचली. व्याज महिना साडेतीन टक्के, म्हणजे १,०८५. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे जवळपास १९५. माझ्या १,५५० मधले फिटत होते जेमतेम २७०. मी हे तिच्यापासून लपवलं याची मला त्या पैशांपेक्षा जास्त लाज वाटली, आणि अजून वाटते.

ती काही बोलली नाही. नोकरीत असताना तिने लॅबमधल्या बायकांसोबत भिशी धरली होती, पंधरा जणी, दोन-दोन हजार. नोकरी सोडण्याच्या आधीच्या महिन्यात तिच्या नावाची चिठ्ठी निघाली होती आणि तीस हजार कपाटात होते. त्यातून लेकीच्या बांगड्या करायच्या ठरल्या होत्या. दुसऱ्या दिवशी ते सगळे कार्डाला गेले.

भिशीचे उरलेले हप्ते तिला द्यायचेच होते. ते तिने माहेरून आलेल्या पाकिटांतून आणि एका शिकवणीतून फेडले. शेजारच्या इमारतीतल्या आठवीच्या मुलीला ती विज्ञान शिकवायची, लेक मांडीवर घेऊन. हा काळ फार ओढाताणीचा होता. एका पगारावर घर चालतं असं आपण म्हणतो तेव्हा एकाच माणसाच्या कामावर ते चालतं असं धरून बसतो. वीज वापराचे शंभर युनिट ओलांडले की पुढच्या युनिटांना चढा दर लागतो, म्हणून दर वीस तारखेला खाली जाऊन मीटर वाचणारी, रात्री अकराला कडधान्य भिजत घालणारी ती या कुठल्याच पगारपत्रकात नव्हती.

भागिले बाराचं काम मात्र लगेच सुरू झालं. तिने तिचं जुनं बचत खातं या वार्षिक खर्चांसाठी ठेवलं. पगार झाला की त्याच दिवशी ५,००० तिकडे. त्या खात्याचं एटीएम कार्ड तिने परत केलं आणि यूपीआय काढून टाकलं, म्हणजे पैसे काढायचे तर स्लिप भरून रांगेत उभं राहावं लागेल. उरलेल्या दोन हजारांतून पोस्टात हजाराची आरडी, पाच वर्षांची, आणि लेकीच्या नावे सुकन्या समृद्धी. सुकन्याला वर्षाला निदान २५० भरले तरी खातं चालू राहतं. ती महिन्याला ५०० भरू लागली. पंधरा वर्षं भरायचं आणि खातं उघडल्यापासून एकवीस वर्षांनी पैसे मिळायचे. माझ्या बँक खात्याला सुरक्षा विमा जोडला, त्याचे वर्षाला २० रुपये जातात आणि अपघाती मृत्यू झाला तर घरच्यांना दोन लाख मिळतात. कालनिर्णयाच्या जूनमध्ये तिने तेही लाल पेनाने लिहिलं: सु. वि. २०.

पहिल्या वर्षी हे गणित फार काही देऊ शकलं नाही. त्या वर्षी गणेशचतुर्थी ३१ ऑगस्टला होती आणि खात्यात एकच हप्ता पडला होता. गावी, राजापूरला, मी एकटा गेलो, एसटीने, आणि दीड दिवसाचा गणपती विसर्जन करून परत आलो. आईने नातीसाठी उकडीचे मोदक डब्यात भरून दिले. “पोरीला आणलं असतंस रे,” एवढंच म्हणाली. मी तिला खरं कारण सांगितलं नाही, रिझर्व्हेशन मिळालं नाही म्हणालो. पुढच्या वर्षी १९ सप्टेंबरची चतुर्थी आली तेव्हा खात्यात गणपतीचे पैसे होते. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं होतं आणि लेक पाचाच्या आतली, तिला तिकीटच नाही. तिघं मिळून दीड तिकिटात गेलो.

मधल्या काळात मोठा घाव बसला तो कर्जाचा. मे २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर वाढवायला सुरुवात केली. ४ टक्क्यांवरून फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो साडेसहा झाला आणि आमच्या कर्जाचा दर सातावरून साडेनऊवर गेला. बँकेचा मेसेज आला: हप्ता आता १६,६००. हजार-अकराशे वाढले, मी म्हटलं, कसंही निभवू. एप्रिलमध्ये ती शाखेत जाऊन कर्जखात्याचा उतारा घेऊन आली आणि जेवणाच्या ताटाशेजारी ठेवला. बोट एका ओळीवर होतं. उरलेले हप्ते: ३५२.

आमचे वीस वर्षांचे २४० हप्ते होते. त्यातले पंधरा भरून झाले होते, तर २२५ राहायला हवे होते. बँकेने हप्ता थोडाच वाढवून मुदत साडेदहा वर्षांनी लांबवली होती. कारखान्यात अठ्ठावन्नला निवृत्ती, आणि या हिशेबाने माझं कर्ज बासष्टाव्या वर्षी फिटणार होतं. उताऱ्याच्या खालच्या ओळी तिने मला मोठ्याने वाचायला लावल्या. १६,६०० मधले १५,५६४ व्याजाला, मुद्दलात १,०३६. मला ते कार्डाचे २७० रुपये आठवले.

त्याच महिन्यात माझी पगारवाढ झाली होती, हातात १,९०० जास्त. मी मनात त्या पैशांचं काय काय करून ठेवलं होतं. तिने सुचवलं, सगळेच्या सगळे हप्त्यात घालू. बँकेत अर्ज दिला, हप्ता १८,५०० करून घेतला, आणि नवा उतारा आला त्यात उरलेले हप्ते होते २३४. महिन्याला १,९०० जास्त, आणि ११८ हप्ते कमी, म्हणजे जवळपास दहा वर्षं. दोघांनी तो आकडा कॅल्क्युलेटरवर तीनदा करून पाहिला. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनेच बँकांना सांगितलं की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारा आणि त्याचा परिणाम त्याला नीट कळवा. ज्यांचं कर्ज बदलत्या दराचं आहे त्यांनी एकदा तरी उतारा काढून उरलेल्या हप्त्यांची ओळ बघावी, असं मी कारखान्यात भेटेल त्याला सांगतो. आमच्या शिफ्टमधल्या दोघांचे हप्ते असेच तीनशेच्या वर गेलेले निघाले.

हप्त्याची पहिली हजार-अकराशेची वाढ भरून काढायला मोटरसायकल घरी राहिली. कंपनीची बस सव्वासहाला चौकात येते. महिन्याला साडेचारशे कापले जातात, पेट्रोलचे पंधराशे वाचतात. हिवाळ्यात अंधारात उभं राहावं लागतं, झोप कमी होते. तेवढं मी करू शकत होतो.

२०२४ च्या जुलैमध्ये लेकीला डेंग्यू झाला. कंपनीचा आरोग्य विमा होता, पण जवळच्या हॉस्पिटलने दाखल करताना वीस हजार रोख मागितले, विम्याचे पैसे नंतर. रात्रीचे साडेनऊ. बँक बंद, कार्ड परत केलेलं, यूपीआय काढलेलं. तिची शिस्त तेव्हा आडवी आली. ते पैसे शेजारच्या काकांनी दिले, आणि सकाळी बँक उघडल्या उघडल्या तिने स्लिप भरून त्यांना परत केले. त्यानंतर तिने दहा हजार घरात, धान्याच्या कोठीमागे ठेवायला सुरुवात केली, आणि दहा हजार असलेलं एक वेगळं एटीएम कार्ड माझ्या पाकिटात. औषधपाण्याचा आकडाही सहावरून बारा हजारांवर गेला. हा हिशेब दर ऑगस्टला ती नव्याने मांडते. २०२४ पासून त्यात बालवाडीची फी आली, १८,०००, आणि वर्षाची बेरीज ऐंशी हजारांच्या घरात गेली. दिवाळीचे दहाचे सात झाले, माझ्या कपड्यांना सुट्टी मिळाली.

२०२५ च्या जूनमध्ये लेक मोठ्या गटात गेली. बायकोने सकाळी सहा ते आठ घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करायचं काम धरलं. नमुन्यामागे ६० रुपये. तिच्या लॅबच्या पेटीला लेकीने स्टिकर चिकटवलंय. पहिल्या महिन्यात ७२ नमुने झाले, ४,३२०.

मला वाटलं होतं, हे पैसे ती हप्त्यात घालेल. तिने कालनिर्णयाचं जुलैचं पान उलटलं, ५ तारखेच्या चौकोनात लाल पेनाने लिहिलं: भिशी २,०००. आणि त्याखाली, कंसात: बांगड्या.