फक्की मारण्याआधी

कराड,
2 जून

चि. सोनूस,


परवा फोनवर तू विचारलंस, "मामा, पहिल्या दिवशी पी.टी.च्या तासाला काय घेऊ?" आणि नेमकी रेंज गेली. पुन्हा फोन लावणार होतो, पण मामी म्हणाली, फोनवर तुम्ही भाषणच देता, त्यापेक्षा लिहून पाठवा. पोरीला नको तेवढं सोडून तरी देता येईल. म्हणून हे पत्र.

नोकरी लागली याचा आनंद आहेच. तीन वर्षं शिक्षणसेवक, महिना 18,000 रुपये, त्यात खोलीचं भाडं आणि डबा. भागव कसंतरी, पण बुटांत काटकसर करू नकोस. दिवसभर उभं राहायचं आहे.

पहिल्या दिवसाचं नंतर बघू. आमच्याकडे शाळा जूनच्या मध्याला उघडतात, तुमच्या विदर्भात उन्हामुळे आणखी आठ-पंधरा दिवस मिळतात. ते दिवस वार्षिक नियोजनाचे रकाने भरण्यात घालवू नकोस. रकाने एका रात्रीत भरून होतात. आधी मैदान बघ.

तू म्हणालीस, मैदान काळ्या मातीचं आहे. मग मला काळजी वाटते ती भेगांची. मे महिन्यात त्या मातीला पाऊल अडकेल एवढ्या भेगा पडतात. खो-खोत खुंटाकडं पळताना पोर खाली बघत नाही, आणि घोटा गेला की दोन महिने गेले. भेगा डोळ्यांना दिसतायत तोवरच बुजवून घे. ग्रामपंचायतीत जाऊन मुरमाच्या दोन-तीन खेपा माग. पत्र देऊ नकोस, स्वतः जा. सरपंचांचं पोर शाळेत असेल तर काम सोपं. मुरूम पसरला की पाणी मारून रोलर फिरवायचा, आणि मधला भाग किंचित उंच ठेवून कडेला उतार द्यायचा. एवढं केलं नाही तर जुलैभर तुझं मैदान म्हणजे चिखलाचा गारा. पोरांच्या पायाला किलोकिलोची ढेकळं चिकटतील आणि मुख्याध्यापक म्हणतील, आज वर्गातच बसवा.

दुसरं, लग्नसराई. शाळेचं मैदान उन्हाळ्यात मांडवाला दिलेलं असणार. मांडववाले खांब काढून नेतात, खिळे आणि तारा तशाच टाकून जातात. शिवाय बाटल्यांच्या काचा असतात, त्या कुणी फोडल्या ते विचारायचं नाही. सकाळी सातच्या आत जा. ऊन तिरकं असतं तेव्हा काच चमकते, दुपारी दिसत नाही. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोरीला बांधून फरफटत ने. एका वर्षी मी असे अर्धी बादली खिळे गोळा केले होते. आपली निम्मी पोरं अनवाणी खेळतात, हे विसरू नकोस.

मग आखणी. आमच्या वेळी नवा मास्तर आला की पहिल्यांदा फक्कीची बादली घेऊन पळायचा. पांढऱ्या रेघा दिसल्या की काम झाल्यासारखं वाटतं ना! आणि पहिल्याच सरीत रेघा वाहून जातात. तू आधी कोपरे पक्के कर. दोरीवर 3, 4 आणि 5 मीटरच्या खुणा घालून त्रिकोण ताण, म्हणजे काटकोन मिळतो. पायथागोरस मैदानावर शिकवला असता तर आमचा निम्मा वर्ग गणितात पास झाला असता, असं मी गणिताच्या सरांना म्हणायचो. ते रागवायचे. महिला गटाचं कबड्डीचं मैदान 12 बाय 8 मीटर. त्याचे दोन्ही कर्ण 14 मीटर 42 सेंटिमीटर भरले पाहिजेत. एक कर्ण लांब, दुसरा आखूड आला तर मैदान तिरकं आहे, पुन्हा माप. कोपऱ्यांवर लोखंडी खुंट्या जमिनीच्या खाली दोन बोटं जातील अशा ठोक. पाऊस कितीही पडो, खुंट्या सापडल्या की रेघा अर्ध्या तासात. खो-खोचे खांब हलवून बघ. जमिनीवर साधारण 120 सेंटिमीटर असतात, आणि हात घासून निघणार नाही इतके गुळगुळीत हवेत. फक्कीला चुना देतील तर नको म्हण. डोळ्यांत गेला तर भाजतो. शिरगोळ्याची भुकटी मिळते, रांगोळीची, ती घे.

कपाटाची किल्ली तुला देतील तेव्हा सोबत जडवस्तूंची नोंदवहीही पुढं करतील, सही करा म्हणतील. करू नकोस. आधी मोज. वहीत बारा फुटबॉल असतील, कपाटात तीन सापडतील आणि त्यातला एक उंदरानं खाल्लेला. जे आहे त्यावरच सही, बाकीच्याचं निर्लेखन आधीच्यांच्या नावावर. यात वाईटपणा येतो, पण तो जूनमध्येच घ्यावा. तासांचंही तसंच. गणित-विज्ञानाचे सर 'फक्त या आठवड्यापुरता' तुझा तास मागतील. पहिला दिलास की वर्ष गेलं. शिक्षणहक्क कायद्यानं सहावी ते आठवीला शंभराच्या वर पोरं असतील तर आरोग्य आणि शारीरिक शिक्षणाला अंशकालीन निदेशक धरलाय. कायद्याच्या लेखीसुद्धा आपण अंशकालीनच, मग शाळेनं निराळं का वागावं?

शालेय स्पर्धांचे गट 14, 17 आणि 19 वर्षांखालचे. जन्मतारखेचे कागद पहिल्याच महिन्यात गोळा करून ठेव, एवढंच सांगतो. बाकी तालुक्याचे क्रीडाशिक्षक तुला चहा पाजून सगळं शिकवतील.

आता जे फोनवर सांगता आलं नसतं ते.

आपलं गोळेश्वर इथून हाकेच्या अंतरावर. तिथल्या खाशाबा जाधवांनी 1952 ला हेलसिंकीत कांस्यपदक आणलं, ही गोष्ट मी दरवर्षी पोरांना सांगायचो आणि माझ्याच अंगावर काटा यायचा. आठवीतली एक मुलगी तेव्हा चिंचेखाली बसून ऐकायची. वर्षभर ती तिथंच बसायची. कधी पोट दुखतं, कधी डोकं. मी तिला वर्गासमोर 'नाटकी' म्हणायचो. एकदा शिक्षा म्हणून मैदानाला तीन फेऱ्या मारायला लावल्या. दुसऱ्या फेरीत ती पडली. दवाखान्यात रक्त तपासलं, हिमोग्लोबिन सात. सकाळी घरचं सगळं आवरून नुसत्या चहावर शाळेत यायची. वडील आले, म्हणाले, "सर, तुम्ही चांगल्यासाठीच केलं असंल." त्या वर्षी आमचा खो-खोचा संघ जिल्ह्यात पहिला आला. ढाल अजून मुख्याध्यापकांच्या खोलीत आहे.

ही एखादीच पोर नव्हे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 19 वयाच्या 59 टक्के मुलींना रक्तक्षय निघाला. म्हणजे तुझ्या नववी-दहावीच्या रांगेत दर दहांत पाच-सहा जणी. तेव्हा पहिल्या आठवड्यात कुणाला फेऱ्या मारायला लावू नकोस. सकाळी काय खाऊन आलीस, एवढं एकेकीला विचार आणि लिहून ठेव. शाळेत लोहाची निळी गोळी आठवड्याला येते. उपाशीपोटी घेतली की मळमळतं, म्हणून पोरी ती खिडकीतून टाकतात. आठवीपर्यंतच्यांना खिचडीनंतर देता येते, नववी-दहावीला शाळेत जेवण नसतं. त्यांना डबा खाल्ल्यावर, तुझ्यासमोर. पाळीचं मला एकाही मुलीनं कधी सांगितलं नाही, 'पोट दुखतं' एवढाच शब्द यायचा आणि मी तो खोटा धरायचो. तुला सांगतील. रांगेत उभं करून विचारलंस तर मात्र नाही सांगणार. आणि पळणं ही शिक्षा कधी करू नकोस. ज्याला शिक्षा म्हणून पळवलं तो मोठेपणी पळत नाही, हे मी आता सकाळी फिरायला येणाऱ्या माझ्याच जुन्या विद्यार्थ्यांकडून ऐकतो.

तर पहिल्या दिवशी काय घ्यायचं? विषामृत घे, लंगडी घे. सगळ्यांना येतं, आणि कोण कडेला जाऊन बसतं ते तुला दहा मिनिटांत कळेल.

ताईला आणि भाऊजींना नमस्कार सांग. मामीनं मेतकूट दिलंय. सोबत माझा 50 मीटरचा टेप पाठवतोय. त्याचा पहिला मीटर तुटलाय, म्हणून 1 च्या खुणेपासून मोजत जा आणि शेवटी एक वजा करायला विसरू नकोस.

तुझा,
मामा