घट्ट तेलाखालचा ऐब

जुना ट्रॅक्टर घ्यायला गेलेली माणसे टायर बघतात, इंजिनचा आवाज ऐकतात, धुराचा रंग बघतात. लिफ्ट एकदा वर-खाली झाली की तिच्याकडे पुन्हा कोणी बघत नाही. आमच्या घरी आलेल्या १८ हॉर्सपॉवरच्या छोट्या ट्रॅक्टरने नेमकी हीच लिफ्ट आम्हाला शिकवली.

रायगडच्या आमच्या भागात भाताची खाचरे लहान. बैल ठेवणे परवडेना, म्हणून आम्ही भावांनी पैसे जमवले. व्याजाचे कर्ज नको म्हणून अम्मीने बांगड्या मोडल्या. सौद्याच्या दिवशी लिफ्टने रोटाव्हेटर सहज उचलला होता. पण चिखलणीला उतरलो आणि तासाभरात, तेल तापताच, रोटाव्हेटर आपोआप खाली बसू लागला. बांधाशी वळताना तो उचलेचना. इकडे रोपे लावणीला आलेली. भाताचे रोप २१ ते २५ दिवसांचे असताना लावलेले बरे. जून झाले की फुटवे कमी येतात.

तालुक्याच्या गॅरेजवाल्याने काही न उघडताच नवा पंप सांगितला. गावातले मिस्त्रीचाचा म्हणाले, "आधी तेल बघू द्या. पंप कुठे पळून जात नाही."

लिफ्टचे काम तसे सरळ. इंजिनवर चालणारा पंप गाळणीतून तेल ओढतो आणि जोराने सिलिंडरमध्ये ढकलतो. पिस्टन सरकतो, मागचे दोन्ही बाहू वर जातात. तेल सोडून दिले की अवजार आपल्याच वजनाने उतरते. अवजार तीन ठिकाणी धरायचे आणि तेलाच्या दाबाने उचलायचे, ही पद्धत आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसन यांची. १९३९ साली ती फोर्डच्या ट्रॅक्टरवर आली आणि पुढे जगभर गेली.

चाचांनी सर्वात आधी रोटाव्हेटर जमिनीवर टेकवला. नुसत्या तेलाच्या भरवशावर उचललेल्या अवजाराखाली कुणी कधीही हात घालू नये, हे त्यांनी मुलांना बजावले. मग तेल काढले. ते दुधाच्या चहासारखे दिसत होते, म्हणजे आत पाणी गेलेले. बोटांवर चोळले तर नको इतके घट्ट. गाळणी गाळाने बंद झालेली. वरचे झाकण खोलले तेव्हा पिस्टनची रबरी रिंग चिरलेली निघाली.

घट्ट आणि थंड तेल चिरेतून हळू निसटते, म्हणून लिफ्ट धडधाकट वाटते. तापून पातळ झाले की भराभर निसटते. "ठाऊक असल्याशिवाय असलं तेल कोणी भरत नाही," चाचा एवढेच बोलले.

रिंगा बदलल्या, गाळणी नवी घातली, पाणी शिरत होते ते टोपण बदलले. या ट्रॅक्टरला गिअर आणि लिफ्टचे तेल एकच. म्हणून पुस्तिकेत लिहिलेल्या प्रतीचे तेल भरून थोडे चालवले, ते काढून पुन्हा नवे भरले. पंप चांगलाच होता. अलहम्दुलिल्लाह, लावणी वेळेत झाली.

दोन वर्षांनी तो विकायची वेळ आली. चुलतभावाने सुचवले, जुन्या दुरुस्तीचे कशाला काढायचे, भाव पडेल. अब्बांनी आम्हाला बाजारातल्या त्या धान्याच्या ढिगाची आठवण दिली. वरून कोरडा, आतून ओला. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यात हात घातला आणि ओल वर का ठेवली नाही, असे व्यापाऱ्याला विचारले होते.

अब्बांनी चिरलेली रिंग जपून ठेवली होती. घ्यायला आलेल्या शेजाऱ्यापुढे त्यांनी आधी ती ठेवली, मग दुरुस्तीची तारीख लिहिलेली वही. शेजाऱ्याने भाव कमी केला. अब्बा म्हणाले, "तो त्याचा हक्क आहे." पैशांची आम्हाला गरज होती, तरी सौदा तिथेच ठरला.

आज तो ट्रॅक्टर आमच्या बांधापलीकडे चालतो. चिखलणीच्या दिवसांत शेजारी भेटला की सलाम-दुआ होते, लिफ्ट कशी आहे हे आम्ही मोकळेपणाने विचारतो, आणि तोही मोकळेपणाने सांगतो.