कॉलर माइक आणि खाडीचा वारा

नेरूळच्या डीपीएस तलावावर फ्लेमिंगो कधी दिसतील, ते भरती ठरवते. ठाणे खाडीतला चिखल पाण्याखाली गेला की हे पक्षी आतल्या पाणथळींवर येऊन उभे राहतात, आणि ओहोटी लागली की परत खाडीत जातात. भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे मुलांना एक वार आणि एक वेळ सांगून तलावावर बोलावणं कधी जमतच नाही. भरती असते तेव्हा निम्मी मुलं क्लासला गेलेली असतात.

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. मुलांना येता येत नाही तर आपणच फोनवरून त्यांच्यापर्यंत जाऊ, या विचाराने मी यूट्यूबवर लाइव्ह करायला लागले. रविवारी सकाळी भरती सोयीची असेल तर तलाव, नसेल तर करावे गाव, दिवाळे किंवा ऐरोली. हळूहळू मुलांबरोबर त्यांचे पालकही बघू लागले, आणि नवी मुंबई सोडून गेलेले काही जुने रहिवासीसुद्धा.

चित्र चांगलं यायचं. आवाजाबद्दल मात्र प्रतिक्रियांमध्ये कायम तक्रार असायची. "मॅडम, नुसता वारा ऐकू येतोय." "गाडी गेली, तेव्हा काय म्हणालात?" पाम बीच रोडची वाहतूक आणि खाडीवरून येणारा पश्चिमेचा वारा यांच्यामध्ये माझं बोलणं बुडून जायचं. यात फोनचा दोष फारसा नव्हता. मागचा कॅमेरा वापरताना फोन हातभर लांब, म्हणजे तोंडापासून साधारण 60 सेंटिमीटरवर असतो. तोच माइक छातीशी, 15 सेंटिमीटरवर आणला तर आवाज त्याच्यापर्यंत 12 डेसिबलनी जास्त पोचतो. लांबच्या गाड्यांचा आवाज मात्र होता तेवढाच राहतो. कॉलर माइकची सगळी करामत या जवळिकीत आहे. वर्गात मुलांना अंतर आणि तीव्रता यांचं नातं सांगताना हल्ली मी हेच उदाहरण देते.

माइक घ्यायचं ठरल्यावर ऑनलाइन परीक्षणं पाहिली आणि डोकं आणखी गरगरलं. शेवटी हार्बर लोकलने, कुर्ल्याला गाडी बदलत, लॅमिंग्टन रोड गाठला. तिथल्या एका दुकानात काउंटरवरच्या गृहस्थांनी किंमत सांगण्याआधी विचारलं, "मॅडम, एका जागी उभं राहून बोलणार की चालत? आणि एकट्याच बोलणार की समोरच्यालाही बोलतं करणार?" या दोन प्रश्नांनी निम्मे पर्याय गळून गेले.

एका जागी उभं राहून, एकटीनेच बोलायचं असेल तर वायरवाला माइक आजही उत्तम. बोयाच्या बीवाय-एम१सारखा माइक हजाराच्या आत मिळतो, त्याची वायर सहा मीटर लांब असते आणि फोनला जोडल्यावर त्याला स्वतःची बॅटरीही लागत नाही. रेडिओ नाही, म्हणजे सिग्नल तुटायचा प्रश्नच नाही. तलावाकाठी तिपाईवर फोन लावून बोलायला मी असाच एक माइक घेतला. एक गोष्ट दुकानातच तपासून घ्यावी. अनेक नव्या फोनांना 3.5 मिलिमीटरचं गोल भोक नसतं, म्हणून मध्ये टाइप-सी अडॅप्टर लागतो. काही स्वस्त अडॅप्टर फक्त ऐकण्यापुरते असतात, त्यांतून माइकचा आवाज आत जातच नाही. आपला फोन घेऊन जावं, तिथेच जोडावं, दोन वाक्यं रेकॉर्ड करून ऐकावीत.

चालायला लागलं की मात्र वायर आड येते. ती ओढणीत अडकते, आणि तिला हात लागला तरी माइकमध्ये धप्प वाजतं. मंगळसूत्र माइकवर घासलं की ऐकणाऱ्याला वाटतं, कोणीतरी पत्र्यावर खडे टाकतंय. आता मी माइक कुर्त्याच्या पट्टीवर हनुवटीखाली एक वीत लावते आणि ओढणी घरी ठेवते. इअरबडचा माइकही मी वापरून पाहिला. ब्लूटूथवर माइक सुरू झाला की इअरबड कॉलच्या पद्धतीने चालू लागतात, त्यामुळे आवाज फोनवर बोलल्यासारखा दबका येतो. पाऊण तासाच्या लाइव्हला तो आवाज ऐकवत नाही.

मग वायरलेसकडे वळले. हे माइक आता फारच लहान झाले आहेत. हॉलीलँडच्या लार्क एम२चा, कपड्याला लावायचा ट्रान्समीटर 9 ग्रॅमचा, डीजेआयच्या माइक मिनीचा 10 ग्रॅमचा. तलम कुर्त्यालाही ओढ बसत नाही. रिसीव्हर फोनच्या टाइप-सीमध्ये खोचला की काम झालं. अनेक खोक्यांवर दोनशे-तीनशे मीटरचा पल्ला छापलेला असतो. तो मोकळ्या मैदानात, मध्ये काहीही नसताना मोजलेला. हे माइक 2.4 गिगाहर्ट्‌झवर चालतात, आणि माणसाच्या शरीरातलं पाणी त्या लहरी चांगल्याच शोषून घेतं. करावे गावात एकदा एक विद्यार्थी पुढे चालत माहिती देत होता आणि मी फोन घेऊन मागे होते. जेमतेम दहा पावलांचं अंतर, तरी आवाज तुटत होता, कारण माइक त्याच्या छातीवर आणि माझ्या वाटेत त्याची पाठ. ट्रान्समीटर त्याच्या टोपीला मागच्या बाजूने लावला, तेव्हा सुरळीत झालं. तेव्हापासून जो पुढे चालणार त्याचा माइक पाठीकडे, हा नियमच करून टाकला.

दोन ट्रान्समीटरचा संचच हवा, हा माझा निर्णय पक्का झाला तो दिवाळ्याच्या जेट्टीवर. जिताडा आणि चिंबोऱ्या विकणाऱ्या एका मावशींना विचारून दुसरा ट्रान्समीटर त्यांच्या पदराला लावला. "आता बोलू काय गो?" म्हणत त्यांनी चिंबोरी नर की मादी ते पोटावरून कसं ओळखायचं, हे इतकं नेमकं सांगितलं की पुस्तकातल्या आकृतीची गरज उरली नाही. नराच्या पोटावरचं झाकण निमुळतं, मादीचं रुंद. बोलून झालं आणि गिऱ्हाईक आलं म्हणून त्या तशाच उठल्या, माइकसकट. पुढची काही मिनिटं माझ्या लाइव्हवर घासाघीस, बर्फ फोडल्याचा आवाज, होडीवरून कोणीतरी मारलेली हाक, असं सगळं स्वच्छ चालू होतं. मी परवानगी विचारायला धावले. त्या हसून म्हणाल्या, "राहू दे, भाव ऐकू दे सगल्यांना." त्या दिवशी सर्वाधिक प्रतिक्रिया याच भागाला आल्या. दुबईत राहणाऱ्या एका जुन्या बेलापूरकरांनी लिहिलं की त्यांनी फोन बाजूला ठेवून नुसतं ऐकलं.

माझा आवाज स्पष्ट हवा, हे खरं. पण माणसं लाइव्हवर येतात ती जागेसाठी, आणि जागा कानांनीही कळते. माइक निवडताना प्रश्न हा असतो की त्या जागेला किती आत येऊ द्यायचं.

म्हणून नॉइज कॅन्सलेशनचं बटण मी जपून वापरते. हे तंत्र माणसाचं बोलणं ओळखतं आणि बाकीचं दाबतं. ऐरोलीच्या जैवविविधता केंद्राहून ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्यात होडी जाते. त्या होडीच्या इंजिनाची एकसुरी घरघर हे बटण छान दाबतं, तिथे ते लावावंच. पण डीपीएस तलावावर तेच बटण चालू राहिलं तर फ्लेमिंगोंचा घोगरा कलकलाट पुसला जातो, आणि मुलं विचारतात, "मॅडम, हे पक्षी ओरडत नाहीत का?" गावदेवीच्या जत्रेत बेंजोचे सूर त्याने असे कापले की तालच हरवला. वाऱ्यावर उपाय वेगळा आहे. माइकवर घालायची केसाळ टोपी, जिला दुकानात फर म्हणतात, ती वाऱ्याचा मारा अडवते आणि बाकीचे आवाज आत येऊ देते. नवी मुंबईच्या खाडीकाठी फर नसलेला माइक दुपारी घेऊन जाऊच नये. पावसात ती भिजली की आवाज दबतो, म्हणून एक जादा ठेवावी.

आणखी काही गोष्टी खरेदीच्या आधी पाहाव्यात. रिसीव्हर फोनचं टाइप-सी भोक अडवतो आणि लाइव्हमध्ये बॅटरी भराभर उतरते. म्हणून ज्या रिसीव्हरला चार्जिंगसाठी स्वतःचं भोक आहे तोच घ्यावा, म्हणजे पॉवर बँक जोडता येते. ट्रान्समीटरवर म्यूटचं बटण असावं, आणि दुसऱ्याला माइक लावताना ते कुठे आहे हे त्याला दाखवावं. प्रत्येकाजवळ दिवाळ्याच्या मावशींचा मोकळेपणा नसतो. लाइव्ह सुरू करण्याआधी माइकवर नखाने खरवडून पाहावं. तो आवाज आला नाही तर अॅप अजून फोनचाच माइक घेतंय असं समजावं. यूट्यूबवर अनलिस्टेड लाइव्ह करून ही चाचणी घरीच होते. बाहेर गेल्यावर दुसऱ्या फोनला इअरफोन लावून एखाद्या मुलाला ऐकायला बसवावं. त्याला काही सेकंद उशिरा ऐकू येतं, पण "मॅडम, आवाज तुटतोय" हे तो वेळेवर सांगतो.

आज माझ्या पिशवीत दोन ट्रान्समीटरचा वायरलेस संच असतो आणि त्याच्या जोडीला तो जुना वायरवाला. वायरलेसची बॅटरी संपली की वायरवाला लाइव्ह सावरून नेतो. महागडा एकच माइक घेण्यापेक्षा ही जोडी मला जास्त उपयोगी वाटते. तुम्ही घ्यायला निघाल तेव्हा दुकानदाराला पल्ला किती, हे सगळ्यांत शेवटी विचारा. आधी स्वतःला विचारा की आपण उभं राहून बोलणार की चालत, एकटेच की दोघं, आणि आपल्या बोलण्यामागचं काय काय लोकांना ऐकू जायला हवं. एवढं ठरलं की माइक निवडायला दहा मिनिटं पुरतात.