मूठभर गहू

सासर सोडून आले त्याला तीन महिने झाले होते, आणि मी कुणाशी धड बोलत नव्हते. गोळ्यांनी झोप लागायची, पण तोंडातून शब्द फुटत नव्हता. आईने मला राळेगावकडे, आजीच्या घरी पाठवलं.

आजीने काही विचारलं नाही. रात्री अंगणात बाजेवर पडलं की ती जवळच्याच रावेरी गावच्या सीतेची गोष्ट सांगायची. रामाने टाकलेली सीता तिथल्या रानात आली, तिथेच लव-कुश जन्मले. ओली बाळंतीण गावात मूठभर गहू मागत फिरली, कुणी दिले नाहीत. तिने शाप दिला, या गावात गहू पिकणार नाही.

गोष्ट मला लहानपणापासून पाठ होती. पण आजी रोज त्या दारोदार फिरण्यापाशीच रेंगाळायची. कुठल्या दारात कुत्रं अंगावर आलं, कुठली बाई चुलीपासून न उठताच 'पुढं जा' म्हणाली. एका रात्री मी विचारलं, "मग त्या रात्री तिने काय खाल्लं?"

"तूच सांग," आजी म्हणाली.

मी सांगू लागले. सीता एसटी स्टँडवर बसली होती. पिशवीत बिस्किटांचा पुडा होता. तिने मामेबहिणीला फोन केला, तर ती म्हणाली, घरी पाहुणे आहेत, आज नको. सीता पहाटेपर्यंत बाकावर जागी राहिली. 'ती' म्हणता म्हणता मी 'मी' कधी म्हणू लागले, कळलं नाही. आजी अंधारात हुंकार देत राहिली.

नवऱ्याचं वागणं मला दुखलं होतंच. पण त्याहून खोल सलत होती ती बंद दारं, आणि ते मला त्या रात्री स्वतःच्या तोंडून कळलं. सगळे मला 'विसर, माफ कर' म्हणत होते. वाल्मीकींची सीता शेवटी धरणीच्या पोटात जाते. आजीची सीता आधी संतापायची, मग पोरांना काखेत मारून पुढे चालायची. माझ्या संतापाला पहिल्यांदा घर मिळालं ते तिच्यात. गोळ्या पुढेही वर्षभर घेतल्या, त्या हव्याच होत्या. पण डॉक्टरांपुढे बसून काय बोलायचं, ते मला आता ठाऊक होतं.

पुढे हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी खेड्यापाड्यांतून जमवलेल्या लाखावर जात्यावरच्या ओव्यांविषयी कळलं. त्यांत सीतेचा वनवास पुन्हा पुन्हा येतो. रानात रडणाऱ्या सीतेची समजूत काढायला बोरी-बाभळीच बायका होऊन येतात. वाचताना मला आजीचा हुंकार ऐकू आला. पहाटे जात्याशी बसून कितीजणींनी आपलं दुखणं असं सीतेच्या नावावर मोकळं केलं असेल!

त्या मुक्कामातून परतण्याआधी आजी मला रावेरीला घेऊन गेली. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी तिथल्या सीतामंदिराचा जीर्णोद्धार करवला. बायकोच्या नावे जमीन करून द्या, असं शेतकऱ्यांना सांगणारी लक्ष्मीमुक्ती मोहीमही त्यांचीच. त्या मोहिमेत आजोबांनी अडीच एकर आजीच्या नावावर केलं होतं. म्हणूनच मला ठेवून घेताना तिला कुणाला विचारावं लागलं नव्हतं.

गाभाऱ्यात मी सवयीने सीतेच्या शेजारी राम शोधला. तिथे राम नाही. ती एकटीच आहे. मी बराच वेळ उभी राहिले.

"चाल माये," बाहेरून आजीने हाक मारली, "येष्टी चुकन."